इंटरनेट : तार, पत्ता आणि पोच

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील मारुंजी हे गाव हिंजवडीच्या शिवेला लागून वसले आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने हिंजवडी परिसरात राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभारण्यास प्रारंभ केला आणि शेतीवर जगणाऱ्या या पट्ट्याचे रूप पाहता पाहता पालटले. आज सातासमुद्रापलीकडील बँकांचे हिशेब आणि कारखान्यांचे आराखडे या परिसरातील इमारतींत बसून तपासले जातात. मारुंजीच्या तालुक्याची कचेरी मात्र पौडला आहे आणि गावकऱ्यास सातबाऱ्याचा उतारा, जन्माची नोंद अथवा उत्पन्नाचा दाखला लागतो तो इतर कोणत्याही गावच्या माणसाप्रमाणेच.

असा दाखला काढावयास गेलेल्या माणसाला, या भागातच नव्हे तर राज्याच्या कोणत्याही कोपऱ्यात, कधी ना कधी एक वाक्य ऐकावे लागते : "नेट बंद आहे, उद्या या." याच वाक्याची दुसरी आवृत्ती "सर्व्हर डाऊन आहे" अशी असते. ही दोन्ही वाक्ये एकमेकांच्या जागी बिनदिक्कत वापरली जातात. वस्तुतः त्यांचे अर्थ भिन्न आहेत. पहिल्यात गावाकडे येणारा रस्ता बंद झाल्याचे सांगितलेले असते, तर दुसऱ्यात रस्ता खुला असून पलीकडची कचेरी बंद असल्याचे. दोहोंचा दोष वेगळा, त्याची जबाबदारी वेगळी आणि उपायही वेगळा. ज्या कार्यालयास हा भेद ठाऊक नाही त्याला तक्रार कोठे करावी हेही कळत नाही आणि वाया गेलेल्या दिवसाची मजुरी व एस.टी.चे भाडे अखेर अर्जदाराच्या माथी बसते. इंटरनेट म्हणजे काय, हे समजून घेण्याची गरज संगणकाच्या अभियंत्याइतकीच पंचायत सदस्यास आणि शिक्षकासही आहे, ती यासाठी.

तार जमिनीतूनच जाते

इंटरनेट हवेतून येते, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. हातातील मोबाइलला तार नसते, त्यामुळे ती होणे साहजिक आहे. पण मोबाइलमधून निघालेली लहर हवेतून जाते ती फक्त जवळच्या मनोऱ्यापर्यंत. तेथून पुढचा प्रवास बहुतांशी जमिनीखालील तारेतूनच होतो. ही तार तांब्याची नसून काचेची असते. केसाएवढ्या जाडीच्या काचेच्या तंतूतून प्रकाशाचे स्पंद धाडले जातात आणि त्या स्पंदांची उघडझाप म्हणजेच संदेश. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मारुंजीहून निघालेल्या स्पंदास नागपूर गाठण्यास डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

अशा तारा समुद्राच्या तळावरूनही गेलेल्या आहेत. मुंबईला ही गोष्ट नवी नाही. 'ग्रेट ईस्टर्न' या अजस्र जहाजाने १८७० मध्ये मुंबई ते एडन अशी तारायंत्राची केबल अंथरली आणि मुंबईचा इंग्लंडशी समुद्रमार्गे तारसंबंध जुळला. आजच्या काचतंतूच्या केबलीही वर्सोव्यासारख्या मुंबईच्या किनाऱ्यावर जमिनीला लागतात आणि तांबड्या समुद्राच्या त्याच जुन्या वाटेने युरोपकडे जातात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ भूमध्य समुद्रात दोन मोठ्या केबली तुटल्या, तेव्हा भारताच्या परदेशी दळणवळणाचा मोठा हिस्सा एकाएकी मंदावला. हजारो किलोमीटरवर समुद्राच्या तळाशी झालेल्या बिघाडाची झळ येथल्या कार्यालयांना पोचली.

उपग्रहाचा मार्गही आहे. पुणे जिल्ह्यातच, नारायणगावाजवळील आर्वी येथे, १९७० च्या दशकाच्या आरंभी देशाचे पहिले व्यापारी उपग्रह-दळणवळण केंद्र उभे राहिले आणि त्यास विक्रम साराभाई यांचे नाव देण्यात आले. परंतु तशा उपग्रहाची उंची सुमारे ३६ हजार किलोमीटर. प्रश्न जाऊन उत्तर परत येईपर्यंत अर्धा सेकंद उलटतो. दुर्गम वाडीसाठी तो मार्ग मोलाचा आहे, पण मोठ्या वाहतुकीचा भार आजही काचेच्या तारेवरच आहे.

येथे मारुंजीसारख्या गावांच्या दृष्टीने एक मुद्दा महत्त्वाचा. रस्त्याच्या कडेने शहराची मोठी जलवाहिनी गेली म्हणून वाटेवरच्या घराच्या नळाला पाणी येत नाही; त्यासाठी जोड द्यावा लागतो. काचतंतूचेही तसेच आहे. जगातील मोठमोठ्या कंपन्यांना जोडणारी तार शाळेच्या कुंपणाबाहेरून जात असली तरी शाळेसाठी वेगळा जोड, त्याच्या टोकाला यंत्र आणि त्या यंत्राला अखंड वीज, या तीनही गोष्टी लागतात. सान्निध्य म्हणजे जोडणी नव्हे.

एका उताऱ्याची शंभर पाकिटे

तारेतून संदेश जातो, हे तारायंत्राच्या काळापासून माहीत होते. इंटरनेटची खरी नवलाई तो कसा जातो यात आहे. ज्यांनी ट्रंक कॉलचा जमाना पाहिला त्यांना आठवेल की पुण्याहून अमरावतीला बोलावयाचे तर नंबर नोंदवून तासन्‌तास थांबावे लागे. एकदा का जोडणी झाली की पुणे ते अमरावती एक संपूर्ण लाइन त्या दोघांसाठी राखून ठेवली जाई. ते गप्प बसले तरी ती लाइन दुसऱ्यास मिळत नसे. १९६० च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि इंग्लंडमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी, एकमेकांस ठाऊक नसताना, यावर सारखाच तोडगा सुचविला. लाइन कोणासाठीच राखून ठेवू नये. संदेशाचे लहान लहान तुकडे करावेत, प्रत्येक तुकडा पाकिटात घालून त्यावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता आणि अनुक्रमांक लिहावा आणि ही पाकिटे सर्वांच्या सामाईक तारेवर सोडून द्यावीत.

समजा, एका खातेदाराचा सातबाऱ्याचा उतारा दीड लाख बाइटांचा आहे. (बाइट म्हणजे सामान्यतः रोमन लिपीतील एका अक्षरास लागणारी जागा.) एका पाकिटात साधारणतः दीड हजार बाइट मावतात. म्हणजे त्या उताऱ्याची सुमारे शंभर पाकिटे होतात. ती सर्व एकाच वाटेने जातील असा नेम नाही. वाटेत ठिकठिकाणी राउटर नावाची यंत्रे बसविलेली असतात. रेल्वे टपाल सेवेतील छाननी करणारा कर्मचारी पत्त्यावर नजर टाकून पत्र ज्या खणात टाकतो, तेच काम राउटर करतो. पाकीट उघडून मजकूर वाचण्याशी त्याला कर्तव्य नसते. हे पाकीट पुढे कोणत्या दिशेला ढकलावे, एवढेच तो ठरवितो. एखादी वाट तुंबलेली वा तुटलेली दिसली तर दुसरी वाट धरतो. हिंजवडीला कामावर जाणाऱ्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. सकाळी शिवाजी चौकाकडील रस्ता वाहनांनी भरून गेला की जाणकार मंडळी भूमकर चौकातून मारुंजीच्या रस्त्याला वळतात. मुक्काम तोच, वाट निराळी. आणि मागून निघालेला कधी कधी आधी पोचतो.

पाकिटेही अशीच मागेपुढे होतात. सत्तावन्नावे आधी येते, बारावे नंतर येते आणि एखादे वाटेतच गहाळ होते. घेणारा संगणक अनुक्रमांक पाहून ती लावून घेतो आणि मिळालेल्या पाकिटांची पोच पाठवितो. ठरावीक वेळात पोच आली नाही तर पाठविणारा ते पाकीट पुन्हा धाडतो. रजिस्टर टपालाची पोचपावती जपून ठेवणाऱ्या जुन्या पिढीस या पद्धतीचे मर्म लगेच ध्यानात येईल. पडद्यावरचे चक्र फिरत राहते आणि पान अर्धेच दिसते, तेव्हा पुष्कळदा हेच चाललेले असते. तार तुटलेली नसते, पण पाकिटे इतकी गळत असतात की तीच ती पुन्हा पाठविण्यात वेळ जातो.

पाकिटांचे हे जाळे प्रत्यक्षात आले ते अमेरिकेत. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी कॅलिफोर्नियातील दोन संस्थांमधील संगणक एकमेकांस जोडले गेले. 'लॉगिन' हा शब्द पाठवावयाचा होता. त्याची पहिली दोन रोमन अक्षरे पोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. इंटरनेटचा पहिलाच संदेश अर्धवट राहिला, हे 'सर्व्हर डाऊन'चा अनुभव घेणाऱ्यांस काहीसे दिलासा देणारे वाटेल. पुढे व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये निरनिराळ्या जाळ्यांना आपापसांत बोलता यावे यासाठी सामाईक नियमांचा आराखडा प्रसिद्ध केला आणि १ जानेवारी १९८३ पासून ते जाळे सर्वस्वी या नियमांवर चालू लागले. इंटरनेट म्हणजे जाळ्यांचे जाळे, ते या अर्थाने. त्याचे मुख्यालय नाही की त्याचा एक मालक नाही. तारा ज्याच्या त्याच्या आहेत. समान आहेत ते फक्त नियम.

क्रमांकाचा पत्ता, नावाचा पत्ता

पाकिटावर पत्ता हवा, आणि तो असा हवा की दूरच्या छाननीकाराला संपूर्ण पत्ता वाचावा न लागता दिशा कळावी. टपालखात्यापुढेही हाच प्रश्न होता. तो सोडविण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्याचे जनक टपाल व तार खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर. हिंजवडीचा पिनकोड ४११०५७. त्यातील पहिला ४ हा अंक पश्चिमेकडील विभाग दाखवितो, ४११ हे पहिले तीन अंक पुण्याचे छाननी क्षेत्र दाखवितात आणि शेवटचे तीन अंक टपाल कार्यालय. गुवाहाटीच्या कर्मचाऱ्यास हिंजवडी कोठे आहे हे ठाऊक नसले तरी चालते, कारण पहिला अंक पाहून पत्र योग्य दिशेच्या पिशवीत पडते.

इंटरनेटला जोडलेल्या प्रत्येक यंत्रालाही असाच एक क्रमांक मिळतो, त्यास आयपी पत्ता म्हणतात. तोही आधी मोठे जाळे आणि मग त्यातील यंत्र असाच वाचला जातो. मूळ योजनेत असे सुमारे ४२९ कोटी क्रमांक होते. १९८० च्या सुमारास ते अक्षय्य वाटले असतील. प्रत्यक्षात वाटपासाठीचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. आता त्याहून कितीतरी लांब क्रमांकांची नवी पद्धत जुन्या पद्धतीबरोबरच रुळत आहे.

क्रमांक यंत्रांना सोयीचे असले तरी माणसाच्या लक्षात राहते ते नाव. म्हणून १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी नावावरून क्रमांक शोधून देणारी व्यवस्था रचली, तिला डीएनएस असे म्हणतात. ती टेलिफोन डिरेक्टरीसारखी असली तरी एका जागी ठेवलेली नाही. नावाचा शेवटचा भाग कोणाच्या अखत्यारीत आहे ते एक यंत्र सांगते, त्याच्या आधीचा भाग दुसरे सांगते, असे विचारीत विचारीत क्रमांक हाती येतो. हे सारे क्षणार्धात घडते आणि वापरणाऱ्यास त्याचा पत्ताही लागत नाही.

संकेतस्थळाचे नाव उजवीकडून डावीकडे वाचावे, ही गोष्ट प्रत्येक शिक्षकाने विद्यार्थ्यांना आणि प्रत्येक सेवा केंद्रचालकाने ग्रामस्थांना सांगण्याजोगी आहे. पोस्टमन जसा पत्ता खालून वाचतो, आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव आणि शेवटी नाव, तसेच हे. शासकीय संकेतस्थळांची नावे बहुधा 'जीओव्ही डॉट इन' अशी संपतात. हा शेवट सरकारी यंत्रणांखेरीज इतरांस दिला जात नाही. नावाच्या आरंभी 'महाराष्ट्र' वा 'पीएम किसान' असे शब्द कोणीही घालू शकतो. पाकिटावर वरच्या ओळीत 'मंत्रालय' लिहून खाली भलत्याच गावाचा पत्ता घालावा, तसा हा प्रकार असतो. फसवणुकीची पुष्कळशी संकेतस्थळे अशीच रचलेली असतात. नावे देवनागरीतही घेता येतात. ऑगस्ट २०१४ मध्ये 'डॉट भारत' ही सोय देवनागरी लिपीत सुरू झाली आणि तिच्यात मराठीचा समावेश आहे. तिचा वापर मात्र अद्याप बेताचाच आहे.

इंटरनेट आणि वेब

हे दोन शब्द समानार्थी मानले जातात. रस्ता आणि एस.टी. हे जितके समानार्थी आहेत तितकेच हे आहेत. इंटरनेट हा रस्ता. त्यावरून ई-मेल धावते, मोबाइलवरचे संदेश धावतात, बँकांचे व्यवहार धावतात. आणि वेब हे त्यावरून धावणारे एक वाहन. ते इंटरनेटपेक्षा बरेच नंतरचे आहे. जिनिव्हाजवळील सर्न या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये त्याचा प्रस्ताव मांडला. संस्थेतील कागदपत्रे निरनिराळ्या संगणकांवर विखुरलेली होती, त्यांना परस्परांशी जोडावे एवढाच मूळ हेतू होता.

ही कल्पना मराठी वाचकाला अपरिचित नाही. मराठी विश्वकोशाच्या खंडात एखादी नोंद वाचताना मध्येच एखाद्या शब्दाआधी छोटा बाण दिसतो. त्या शब्दावर स्वतंत्र नोंद आहे, ती पाहावी, असा त्याचा अर्थ. वाचकाने उठून कपाटातून दुसरा खंड काढावयाचा. वेबने या बाणाला गती दिली. शब्दावर बोट ठेवताच दुसरा खंड आपोआप उघडतो, मग तो वाईला असो की वॉशिंग्टनला. आता विश्वकोशच वेबवर उपलब्ध आहे, आणि त्या छोट्या बाणाचे सार्थक झाले आहे. पान मागणारा आपल्याकडील प्रोग्रॅम म्हणजे ब्राउझर आणि पान देणारा पलीकडचा संगणक म्हणजे सर्व्हर. सर्व्हर हा काही गूढ प्राणी नव्हे. मागेल त्याला कागद काढून देणारा तो अभिलेखपाल आहे. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न संस्थेने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. ते तसे झाले नसते तर आज प्रत्येक ग्रामपंचायतीस त्याचा परवाना विकत घ्यावा लागला असता.

भारतात ही वाट आधी शिक्षणसंस्थांनी चालून पाहिली. १९८६ मध्ये अर्नेट हा प्रकल्प सुरू झाला आणि मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी व पवई येथील आयआयटी या संस्थांचे संगणक जोडले गेले. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून, मुंबईसह मोजक्या महानगरांत. टेलिफोनच्या तारेवरून सेकंदाला सुमारे ९,६०० बिट एवढाच त्याचा वेग होता. वर उल्लेखिलेला दीड लाख बाइटांचा उतारा त्या वेगाने यावयास दोन मिनिटांहून अधिक वेळ लागला असता.

ग्रामीण महाराष्ट्रात पहिला मोठा प्रयोग वारणेच्या खोऱ्यात झाला. १९९८ मध्ये वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील, कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांत संगणक केंद्रे उघडण्यात आली. शेतमालाचे भाव, शासकीय माहिती, शिक्षण अशी अनेक उद्दिष्टे त्यामागे होती. शेतकऱ्यांनी मात्र केंद्राचा उपयोग मुख्यतः आपल्या उसाचे वजन, तोडीची पाळी आणि खतांचा हिशेब पाहण्यासाठी केला. पुढे काही गावांत तेच काम मोबाइलवरील लघुसंदेशाने करून पाहण्यात आले आणि ते सोयीचेही ठरले. यंत्र कोणते हा प्रश्न गौण असतो. माणूस त्याच माहितीसाठी येतो जी त्याच्या पदरात काही टाकते.

'मारुंजी' : सात चिन्हे, एकवीस बाइट

संगणकाला अक्षरे कळत नाहीत, आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षरास एक आकडा ठरवून द्यावा लागतो. बरीच वर्षे मराठी फाँट बनविणाऱ्या निरनिराळ्या कंपन्यांनी आपापल्या सोयीने हे आकडे ठरविले. परिणामी एका कार्यालयात लिहिलेले पत्र दुसऱ्या कार्यालयात उघडले की अनाकलनीय चिन्हांची रांग दिसे. युनिकोड या जागतिक संकेताने देवनागरीतील प्रत्येक चिन्हास एकच कायमचा क्रमांक दिला. त्यात 'म' चा क्रमांक २३५०. 'मारुंजी' या शब्दात म, काना, र, उकार, अनुस्वार, ज आणि दीर्घ ईकार अशी सात चिन्हे येतात. इंटरनेटवर पाठविण्याच्या प्रचलित पद्धतीत प्रत्येकास तीन बाइट लागतात, म्हणजे एकूण एकवीस. रोमन लिपीत तेच नाव सात बाइटांत मावते. हा फरक आजच्या तारेला जाणवतही नाही.

जाणवतो तो जुन्या फाँटांचा अडथळा. ग्रामसभेचे ठराव जुन्या फाँटात टंकलिखित करून ठेवले असतील तर ते डोळ्यांना मराठी दिसतील, पण त्यात एखादे नाव शोधू गेल्यास संगणकाला ते सापडणार नाही. शासनाने आपल्या कार्यालयांना युनिकोड वापरण्याचे आदेश दिले आहेत ते याच कारणाने. तरीही सवयीपोटी जुना फाँट चालू ठेवणारी कार्यालये अजून भेटतात.

कागद खरा कशावरून ?

हिंजवडीच्या आसपासच्या गावांत जमिनीला आलेले मोल लक्षात घेता येथील सातबारा हा केवळ कागद नव्हे. तो खोटा निघाल्यास एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी बुडते. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. त्यावर तलाठ्याची (२०२४ पासून या पदास ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) शाईची सही नसते. मग तो खरा कशावरून मानावा ?

शिवकालीन व पेशवेकालीन पत्रांच्या अखेरीस मोर्तब उमटवीत असत. मजकूर येथे संपला, यापुढे कोणी ओळ घुसडल्यास ती खोटी, असा त्याचा अर्थ होता. डिजिटल स्वाक्षरी ही संपूर्ण मजकुरावर उमटविलेली मोर्तब आहे. उताऱ्यातील सर्व अक्षरांवरून गणिताने एक ठरावीक लांबीचा आकडा काढला जातो आणि अधिकाऱ्याच्या गुप्त किल्लीने तो मोहोरबंद केला जातो. त्या किल्लीची जोडीची उघड किल्ली कोणालाही मिळू शकते आणि तिने मोहोर तपासता येते. गुंठ्याच्या आकड्यात एक शून्य जरी वाढविले तरी हिशेब जुळत नाही. १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आलेल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने अशा स्वाक्षरीस कायद्याची मान्यता दिली आहे.

मात्र ही मोहोर संगणकातील फाइलीवर असते, छापील कागदावर नाही. कागदावर दिसते ते तिचे केवळ चित्र, आणि चित्राची नक्कल कोणीही करू शकतो. म्हणून जमीन घेणाऱ्याने किंवा कर्ज देणाऱ्याने हाती आलेल्या छापील उताऱ्यावर विसंबू नये. त्यावरील पडताळणी क्रमांक शासनाच्या संकेतस्थळावर घालून तेथे दिसणारा मजकूर ताडून पाहावा. हे काम दोन मिनिटांचे आहे.

ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाविषयीही असाच गैरसमज आहे. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की वाटेतल्या कोणास पाकिटे उघडून वाचता येणार नाहीत आणि पत्त्यात जे नाव दिसते त्याच ठिकाणी ती पोचतील. त्या नावाचा धनी प्रामाणिक आहे की भामटा, हे कुलूप सांगत नाही. भामटाही आपल्या दाराला कुलूप लावतोच. मोबाइलवर आलेला ओटीपी कोणासही सांगू नये. आणि फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. पैसे पुढच्या खात्यात सरकण्यापूर्वी अडविता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

"नेट बंद आहे" : नेमके कोठे ?

आता त्या मूळ वाक्याकडे वळता येईल. कार्यालयात दाखला निघत नसेल तेव्हा प्रथम भिंतीवरील यंत्राकडे पाहावे. दिवेच लागले नसतील तर प्रश्न विजेचा, आणि त्यावर उपाय इन्व्हर्टर हा आहे. इतर दिवे असून 'एलओएस' असे लिहिलेला तांबडा दिवा लुकलुकत असेल तर काचेच्या तारेतून प्रकाशच येत नाही, म्हणजे तार तुटली अथवा निखळली. तक्रार तार पुरविणाऱ्याकडे करावयाची. दिवे ठीक असतील तर दुसरे कोणतेही संकेतस्थळ उघडून पाहावे. ते उघडले आणि फक्त दाखल्याचे संकेतस्थळ उघडत नसेल, तर गावची तार निर्दोष आहे. तेच संकेतस्थळ मोबाइलच्या इंटरनेटवरही उघडत नसेल तर तेथील सर्व्हरच बंद आहे किंवा गर्दीने दबला आहे. दहावी-बारावीच्या निकालाच्या दुपारी हा अनुभव घराघरांतून येतो. एकच अभिलेखपाल आणि खिडकीशी लाख माणसे. अशा वेळी गावात तार दुरुस्त करणाऱ्यास बोलावून उपयोग नाही. अर्जदारास सायंकाळी वा सकाळी लवकर बोलवावे. याउलट मोबाइलवर ते उघडत असेल आणि कार्यालयाच्या जोडणीवर उघडत नसेल, तर दोष त्या जोडणीत आहे. कधी कधी फक्त नावावरून क्रमांक शोधणारी व्यवस्था अडलेली असते, आणि यंत्र बंद करून पुन्हा सुरू केल्याने काम भागते.

हे एवढे पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. तपासणीचा निष्कर्ष, तारीख आणि वेळ एका साध्या वहीत लिहून ठेवली तर दोन-तीन महिन्यांत त्या वहीतूनच दोष उमगतो. बहुतेक वेळा वीज गेलेली असेल तर पंचायतीने इन्व्हर्टरसाठी तरतूद करावी. बहुतेक वेळा तार तुटलेली असेल तर तक्रारीस तारीखवार पुरावा हाताशी असतो. "नेट नेहमी बंद असते" या तक्रारीपेक्षा तिला अधिक वजन येते.

देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू नेण्याची योजना केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली, ती पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. प्रत्येक पंचायतीस सेकंदाला दहा कोटी बिट, म्हणजे १०० एमबीपीएस, वेगाची जोडणी देण्याचे तिचे उद्दिष्ट. प्रारंभीच्या टप्प्यात पंचायतींपर्यंतच्या तारा मोठ्या प्रमाणावर झाडाच्या फांद्यांसारख्या टाकल्या गेल्या. फांदी जेथे तुटेल त्याच्या पुढची सगळी गावे अंधारात जात. पाकिटांना दुसरी वाट शोधता येते हे खरे, पण दुसरी वाट असेल तर. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात म्हणूनच तारेचे कडे करण्यावर भर आहे. कड्याची एक बाजू तुटली तरी दुसऱ्या बाजूने पाकिटे पोचतात.

तार तुटते ती बहुधा खोदाईत. मारुंजी-हिंजवडी पट्ट्यात इमारती, रस्ते, जलवाहिन्या आणि वीजवाहिन्या यांची कामे सतत चालू असतात, आणि जेसीबीच्या एका फटकाऱ्यात तंतूंचा सबंध जुडगा तुटतो. तो सांधण्यासाठी प्रत्येक तंतू स्वच्छ करून, टोकास टोक भिडवून, विजेच्या ठिणगीने वितळवून जोडावा लागतो. कुशल माणूस आणि खास यंत्र आल्याशिवाय ते होत नाही. खोदकामापूर्वी त्या जागी कोणाच्या तारा वा नळ आहेत हे संबंधितांस विचारता यावे यासाठी मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'कॉल बिफोर यू डिग' हे मोबाइल ॲप सुरू केले. पंचायतीच्या स्वतःच्या पाणीपुरवठा वा गटारीच्या कामाचा आदेश देताना, ठेकेदाराने खोदाईपूर्वी अशी विचारणा केलीच पाहिजे, ही अट त्यात एका ओळीने घालता येते.